एका अनुस्वाराएवढा एस

भाच्याने अर्जासोबत जोडायचं पानभर निवेदन माझ्यापुढे ठेवलं. "मावशी, फक्त स्पेलिंगं बघ. बाकी सगळं मी दोनदा वाचलंय." स्पेलिंगं खरोखरच ठीक होती. तिसऱ्या ओळीवर मात्र माझं बोट थांबलं. ‘वन ऑफ माय टीचर टोल्ड मी’ असं काहीतरी वाक्य सुरू होत होतं. मी ‘टीचर’च्या शेवटी पेन्सिलीने बारीकसा एस काढला. त्याने तो पाहिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण मावशी, सांगणारे सर एकच होते. मग अनेकवचन कसं?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘वन’ म्हणजे एक. एक म्हटल्यावर पुढचं नाम एकवचनी हवं. एक झाड, एक खिडकी, एक सर. आपण लहानपणापासून एकच्या पुढे एकवचनच ऐकत आलोय, त्यामुळे त्याने सरळ विचार करून सरळ लिहिलं होतं.

हाच प्रश्न मलाही एकदा पडला होता. पहिल्या नोकरीत एका अहवालात मी ‘वन ऑफ द मेजर रीझन’ असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते वाक्य बैठकीत मोठ्याने वाचलं, ‘रीझन’वर थांबले, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि पुढे वाचू लागले. कुणी काही बोललं नाही. बैठक संपल्यावर मी जागेवर येऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं, ‘वन ऑफ’नंतर अनेकवचन असा नियम सापडला तो पाठ केला आणि त्यानंतर ती चूक केली नाही. चूक दाखवणं हे त्यांचं कामच होतं. पण कारण सांगायला अर्धा मिनिट लागला असता, आणि तो अर्धा मिनिट मला कुणी दिला नाही. पुढे कित्येक वर्षं मी तो एस नुसता आज्ञा पाळल्यासारखा लावत राहिले.

आता इतरांची पत्रं, अहवाल, अर्ज तपासणं हेच माझं काम आहे. इंग्रजी सफाईने बोलणारी, दिवसभर इंग्रजीतच काम करणारी मराठी माणसंसुद्धा हा एस गाळतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘वन ऑफ द बेस्ट मुव्ही’, ‘वन ऑफ अवर क्लायंट’. ही माणसं निष्काळजी असतात असं मला कधीच वाटलं नाही. तीच माणसं स्वल्पविराम मोजून देतात. म्हणजे चूक हाताची नसावी, कानाची असावी. आणि आपला कान मराठीने घडवलेला आहे.

भाच्याला मी नियम सांगितला नाही. टेबलावरच्या पेल्यात सात-आठ पेन्सिली होत्या, तो पेला त्याच्यापुढे धरला.

"यातली एक घे."

त्याने घेतली.

"आता काय केलंस ते सांग. ‘पैकी’ वापरून सांग."

"पेन्सिलींपैकी एक घेतली."

"पेन्सिलीपैकी का नाही म्हणालास?"

तो हसला. मग दोन्ही शब्द मनाशी म्हणून पाहिले. "पेन्सिलीपैकी म्हटलं तर... एकाच पेन्सिलीचा तुकडा मोडून घेतल्यासारखं वाटतं."

इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. ‘पैकी’च्या आधी घोळका लागतो. ज्याच्यातून काढायचं ते अनेक असायला हवं, आणि हे आपण मराठीत न शिकता पाळतो. मित्रांपैकी, खोल्यांपैकी, कारणांपैकी. हे अनेकवचन एका अनुस्वारात बसलेलं असतं. शिवाय पुढे ‘प’ असल्यामुळे तो अनुस्वार उच्चारात स्पष्ट ‘म्’ होऊन ऐकू येतो, ‘मित्राम्पैकी’. तो गाळला तर वाक्य कानाला लगेच खटकतं. इंग्रजीतला एस म्हणजे हाच अनुस्वार. मी भाच्याला एवढंच म्हटलं, "मित्रां-वर जो ठिपका देतोस ना, तोच तिथे एस होऊन येतो."

त्याला पटलं, पण पुरतं नाही. "मग मला ‘टीचर’ला का नाही सुचलं? मराठीत मी ‘शिक्षकांपैकी’च म्हणालो असतो."

यावर मला विचार करावा लागला. शिक्षक हे उदाहरण मराठी माणसासाठी अवघड आहे, कारण आपण आदरासाठीही अनेकवचनच वापरतो. ‘शिक्षकांनी सांगितलं’ म्हणजे चार शिक्षकांनी की एकाच शिक्षकांनी, हे वाक्यावरून कळत नाही. ‘सर आले’, ‘बाबा आले’, ‘डॉक्टरांनी तपासलं’. माणूस एक, रूप अनेकवचनी. त्यामुळे ‘शिक्षकांपैकी’मधला अनुस्वार आपल्या कानाला मान दिल्यासारखाही वाटू शकतो. इंग्रजीत लिहायला बसलं की मान बाजूला राहतो, समोर एकच माणूस उरतो, आणि ‘टीचर’ असा सुटा शब्द उमटतो. भाच्याच्या मनात ते सर इतके स्पष्ट होते की बाकीचे शिक्षक तिथे नव्हतेच.

दुसरं कारण मला अधिक मोठं वाटतं. ‘मित्र’ हा शब्दच घ्या. माझा मित्र आला. माझे मित्र आले. दोन्ही वाक्यांत ‘मित्र’ जसाच्या तसा आहे. दगड, डोंगर, शब्द, प्रश्न, हात, ग्राहक अशी कितीतरी पुल्लिंगी नामं अनेकवचनात तशीच राहतात. संख्या सांगायचं काम तिथे ‘माझे’ करतो, ‘आले’ करतो. नाम निवांत असतं. इंग्रजीतून आलेले शब्दही आपण याच ओळीत बसवून टाकले. एक फ्रेंड, चार फ्रेंड. एक क्लायंट, दहा क्लायंट. दिवसभर ‘चार क्लायंट येणार आहेत’ असं बोलणाऱ्या माणसाला ‘क्लायंट’ हा शब्द एक आणि अनेक दोन्हींसाठी पुरतो, आणि मराठीत तो खरोखर पुरतो.

इंग्रजीत पुरत नाही, कारण तिथे आजूबाजूचे शब्द मदतीला येत नाहीत. ‘माय’ एकालाही चालतो, अनेकांनाही. ‘गुड’ बदलत नाही. भूतकाळात ‘वॉज-वेअर’ सोडलं तर क्रियापदही बदलत नाही. ‘माय फ्रेंड केम’, ‘माय फ्रेंड्स केम’. मराठीत जे ओझं तीन शब्द वाटून घेतात ते इंग्रजीत एकट्या एसच्या डोक्यावर असतं. आणि तो बिचारा शब्दाच्या अगदी टोकाला, ‘न्ड्झ’सारख्या जोडाक्षराच्या शेपटीला उभा असतो. पुढचा शब्द ‘सेड’सारखा स-ने सुरू झाला तर तो त्यात विरघळूनच जातो. कानाने शिकलेल्या माणसाला तो ऐकूच आला नसेल तर त्यात नवल नाही.

फ्रेंचची मला इथे मजा वाटते. तिथे ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणताना मित्र या शब्दाला लेखी एस लागतो, पण तो उच्चारत नाहीत. कानाला अनेकवचन कळतं ते ‘माझा’ या शब्दावरून, ‘मों’चा ‘मे’ होतो त्यावरून. म्हणजे बोलण्यापुरती फ्रेंच आपल्या ‘माझे मित्र’च्या जवळची.

आता ‘ऑफ’कडे येते. आपण शाळेत ‘ऑफ’ म्हणजे ‘चा-ची-चे’ असं शिकलो आणि ते डोक्यात घट्ट बसलं. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिताना मनात ‘माझ्या मित्राचा एक’ असलं काही नसतं, पण ‘ऑफ’चा दुसरा अर्थही समोर नसतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘पासून’, ‘दूर’, ‘मधून’ अशा अर्थाचा होता. आज दोन एफ घेऊन लिहिला जाणारा ‘ऑफ’, म्हणजे ‘दिवा ऑफ कर’मधला, मुळात हाच शब्द. जोर देऊन उच्चारला तो एक झाला, ओझरता उच्चारला तो दुसरा झाला, आणि पुढे दोघांची स्पेलिंगं वेगळी झाली. तसंच ‘वन’ आणि ‘ॲन’ हीही एकाच जुन्या ‘आन’ शब्दाची लेकरं. हे कळल्यावर माझ्यासाठी सगळा शब्दबंध एकदम उजळला. ‘वन ऑफ’ म्हणजे ‘मधून काढलेला एक’. ज्यातून काढायचा तो ढीग आधी हवा. एकातून एक काढला तर मागे काय उरणार?

संस्कृतात या घोळक्यातून वेगळं काढण्याला स्वतंत्र नाव आहे, निर्धारण. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘यतश्च निर्धारणम्’, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं ४१वं. ज्या समुदायातून एखादा भाग जाती, गुण किंवा क्रिया पाहून वेगळा काढला जातो, त्या समुदायाच्या नामाला षष्ठी किंवा सप्तमी लागते. परंपरेने दिलं जाणारं उदाहरण गाईंचं आहे, ‘गवां कृष्णा बहुक्षीरा’ किंवा ‘गोषु कृष्णा बहुक्षीरा’. गाईंमध्ये काळी गाय भरपूर दूध देणारी. काळी गाय एक, पण ‘गवाम्’ अनेकवचनी. नजर एका गाईवर असली तरी कळप वाक्यातून हलत नाही. हे सूत्र माझ्या वाचनात आलं तेव्हा त्या बैठकीतलं ‘रीझन’ मला आठवलं. मी कारण लिहिलं होतं, आणि कारणांचा कळप विसरले होते.

एस लागला की दुसरी अडचण उभी राहते, आणि भाच्याच्या पानावर ती अर्ध्या तासात आली. त्याने खालच्या परिच्छेदात स्वतःहून दुरुस्ती केली आणि लिहिलं, ‘वन ऑफ माय प्रोजेक्ट्स वेअर सिलेक्टेड’. अनेकवचन शेजारी आल्याबरोबर क्रियापदाने त्याचा हात धरला. मी म्हटलं, मराठीत म्हण. "माझ्या प्रकल्पांपैकी एक निवडला गेला." निवडले गेले नाही म्हणालास? "नाही, एकच ना." मग तिथेही एकच. वाक्याचा मालक ‘वन’ आहे. ‘प्रोजेक्ट्स’ हा तो कुठून आला त्याचा पत्ता आहे. मधे कितीही शब्द आले तरी क्रियापदाने मालकाचंच ऐकायचं.

एके ठिकाणी मात्र इंग्रजी लिहिणारेही आपसांत भांडतात. ‘ही इज वन ऑफ दोज पीपल हू नेव्हर फर्गेट’ म्हणायचं की ‘फर्गेट्स’? फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापरकोशात इथे अनेकवचनी क्रियापदाचाच आग्रह धरला. तरीही चांगल्या चांगल्या लेखकांनी एकवचनी लिहिलं आहे, आणि ते कुणाला फारसं टोचलेलं नाही. मी फाउलर यांच्या बाजूची आहे, आणि तीही मराठीमुळे. ‘जी माणसं कधीच विसरत नाहीत, त्यांतला तो.’ विसरत नाहीत ती माणसं. ‘जी माणसं कधीच विसरत नाही’ असं माझ्याने म्हणवणार नाही. हे वाक्य मनात म्हटलं की इंग्रजीतला तो वाद माझ्यापुरता मिटतो.

खरं सांगायचं तर पुष्कळदा ‘वन ऑफ’ची गरजच नसते. आपल्या मनात असतं ‘माझा एक मित्र’. त्यात किती मित्र, कुठला घोळका, काही नसतं. गोष्ट सुरू करायची असते, एवढंच. याला इंग्रजीत ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ हा साधा, सुंदर शब्दबंध आहे. ‘माझा एक मित्र’ शब्दशः उचलून ‘माय वन फ्रेंड’ लिहिलं तर अर्थच पालटतो. वाचणाऱ्याला वाटतं या माणसाला जगात एकुलता एक मित्र आहे. मी एका पत्रात ‘माय वन ब्रदर’ वाचलं होतं आणि लिहिणाऱ्याला तीन भाऊ होते. म्हणून मी आता आधी विचारते, तुला यातून निवडून दाखवायचंय, की नुसती ओळख करून द्यायचीय? निवडायचं असेल तर ‘वन ऑफ’ आणि एस. ओळख करून द्यायची असेल तर ‘अ फ्रेंड ऑफ माइन’.

काही नामं घोळक्याला तयारच नसतात. फर्निचर, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट. मराठीत आपण ‘वेगवेगळ्या माहित्या’ म्हणत नसलो तरी ‘दोन सल्ले दिले’ सहज म्हणतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाही, म्हणून ‘वन ऑफ द ॲडव्हाइसेस’ही चुकीचं आणि ‘वन ऑफ द ॲडव्हाइस’ही चुकीचं. तिथे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ असा तुकडाच करावा लागतो. ‘क्रायटेरिया’चं उलट, ते आधीच अनेकवचन आहे, ‘क्रायटेरिअन’ हे त्याचं एकवचन, म्हणून ‘वन ऑफ द क्रायटेरिया’ला वेगळा एस नको. आणि ‘वन ऑफ द फॅमिली’मध्ये एस नाही, कारण कुटुंब या शब्दातच माणसं भरलेली आहेत. ‘वन ऑफ अ काइंड’मध्येही नाही, तो तर एकमेवपणाच सांगणारा शब्दबंध आहे. हे अपवाद मी कधी पाठ करायला सांगत नाही. घोळका कुठे आहे ते शोधलं की तेही आपोआप उमगतात.

मला अधिक काळजी वाटते ती उलट्या प्रवासाची. इंग्रजीतून मराठीत येताना हा शब्दबंध आपल्या भाषेत अवघडून बसायला लागला आहे. ‘जगातील सर्वांत उंच शिखरांपैकी एक’, ‘आजच्या काळातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक’, ‘सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक’. बातम्या, जाहिराती, भाषणं, सगळीकडे. ‘सर्वांत उंच’ म्हटलं की मराठी कानाला एकच शिखर दिसतं. त्यातून पुन्हा ‘पैकी एक’ काढायचं म्हणजे आधी एक ठरवायचं आणि मग त्याची गर्दी करायची. इंग्रजीत ‘वन ऑफ द टॉलेस्ट’ हे सवयीने सुरळीत झालं आहे. मराठीत ते अजून तरी परकं वाटतं, निदान मला. आपल्याकडे याच्यासाठी किती वाटा आहेत! अग्रगण्य खेळाडूंत त्याची गणना होते. मोजक्या उंच शिखरांतलं हे. त्यांच्या उत्तम कादंबऱ्यांतली ही. आणि शेवटच्या या ‘-तला, -तली, -तलं’ प्रत्ययाइतकी देखणी सोय मला दुसरीकडे दिसलेली नाही. तो घोळकाही दाखवतो, निवडही दाखवतो, आणि ‘एक’ हा शब्द लागतही नाही. ‘हा आमच्यातला आहे.’ या वाक्यात ‘एक’ घालून पाहा. ‘हा आमच्यापैकी एक आहे.’ पहिल्यात जवळीक आहे. दुसऱ्यात नुसती मोजदाद.

म्हणून अनुवाद तपासताना वाक्याच्या शेवटी लटकणारं ‘पैकी एक’ दिसलं की मी तिथे थांबतेच. दर वेळी काढते असं नाही. खरोखर मोजून सांगायचं असेल, ‘सहा प्रस्तावांपैकी एक मंजूर झाला’, तिथे ते आपल्या जागी आहे. एरवी मी ‘-तला’ घालून वाक्य मोठ्याने म्हणते आणि बहुतेक वेळा ते तसंच ठेवते.

त्या संध्याकाळी भाच्याने पूर्ण पान पुन्हा उतरवून काढलं. ‘वन ऑफ माय टीचर्स टोल्ड मी’ आता नीट झालं होतं. शेवटच्या परिच्छेदात त्याने आपल्या वर्गसोबत्यांबद्दल लिहिलं होतं. तो मधेच, बराच उशिरा, त्या वर्गात दाखल झाला होता आणि त्यांनी त्याला कसं सामावून घेतलं ते सांगणारं वाक्य होतं. शेवट ‘वन ऑफ देम’ असा. त्यावर त्याची पेन्सिल थांबली.

"मावशी, इथे एस कुठे देऊ?"

"मराठीत काय म्हणशील?"

"त्यांनी मला त्यांच्यातलाच एक मानलं."

"‘एक’ काढून बघ."

"त्यांनी मला त्यांच्यातलाच मानलं." तो गप्प झाला. मग कागदाच्या कोपऱ्यात त्याने ‘त्याच्यातला’ असं लिहिलं, त्याखाली ‘त्यांच्यातला’ असं लिहिलं, दोन्हींकडे पाहत राहिला, आणि खालच्या शब्दावरच्या ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणाला, "हा काय, इथे आहे."